पट्टी बांधून बेसबॉल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात अंध क्रिकेटविषयीच्या एका उत्तरात मी ओघाने लिहिले होते, की अमेरिकेत दृष्टिहीन खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधून, बीप बीप वाजणाऱ्या चेंडूने ‘बीप बेसबॉल’ नावाचा खेळ खेळतात आणि त्याची मोठी स्पर्धा दर उन्हाळ्यात भरते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, गेली चौदा वर्षे न्यू जर्सीत राहतो. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. आधी त्याचे रात्रीचे दिसणे गेले आणि आता दिवसाही नळीतून पाहावे तेवढेच दिसते. लहानपणी तो क्रिकेट खेळायचा. चेंडू दिसेनासा झाला तेव्हा त्याने बॅट तळघरात ठेवून दिली. आता कॉलेजातल्या एका मित्राने त्याला बीप बेसबॉलच्या सरावाला नेले. परत आला तेव्हा दोन्ही कोपरे सोललेली होती आणि चेहरा फुललेला होता. मी आनंद मानावा की धसका घ्यावा, हे मला कळत नाही. हा खेळ नेमका असतो तरी कसा? उरलीसुरली नजर पट्टीखाली झाकायची, हे मनाला पटत नाही. आणि ही खरी स्पर्धा असते, की मुलांचे मन रमावे म्हणून केलेली सोय?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्यावर उभी आहेत. ही खरी स्पर्धा आहे. तिच्यात पंच आहेत, बाद होणे आहे, हरणे आहे, आणि संघात जागा मिळवण्यासाठी आपल्याच मित्राशी चढाओढ करणेही आहे. नॅशनल बीप बेसबॉल असोसिएशनची वर्ल्ड सिरीज अमेरिकेतील वेगवेगळ्या शहरांत भरते. ऑस्टिनचा ब्लॅकहॉक्स, बोस्टनचा रेनेगेड्स, शिकागोचा कॉमेट्स, इंडियानापोलिसचा इंडी थंडर असे संघ तिच्यासाठी तयारी करतात, आणि तुमच्या न्यू जर्सीचाही ‘लाइटनिंग’ नावाचा संघ या स्पर्धांत उतरत आला आहे. या खेळात मानधन मिळत नाही. खेळाडू आणि त्यांचे सहायक आपल्या नोकऱ्या आणि शिक्षण सांभाळून, वर्गण्या आणि देणग्या गोळा करून प्रवासाला निघतात. मन रमवण्यासाठी कोणी एवढी उठाठेव करत नाही.

आता खेळाकडे येऊ. नेहमीच्या बेसबॉलमध्ये धावणारा खेळाडू एकेका बेसवर, म्हणजे ठरलेल्या थांब्यावर, थांबत थांबत पूर्ण फेरी मारून होम प्लेटला, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागी, परततो. बीप बेसबॉलमध्ये धावून गाठायचे बेस दोनच, पहिला आणि तिसरा. दुसरा बेस ठेवलेलाच नाही. हे बेस म्हणजे सुमारे चार फूट उंचीचे, फोम भरलेले मऊ खांब असतात आणि त्यांच्या पोटात घूं घूं वाजणारे यंत्र बसवलेले असते. होम प्लेटपासून १०० फुटांवर, फाऊल रेषेच्या, म्हणजे खेळाच्या हद्दीच्या, बाहेरच्या अंगाला ते उभे करतात, जेणेकरून धावणारा आणि चेंडू शोधणारा एकमेकांवर आदळू नयेत. फलंदाजाने चेंडू टोलावला, की दोहोंपैकी एकच खांब वाजू लागतो आणि कोणता वाजेल हे फलंदाजाला आधी ठाऊक नसते. त्याने आवाजाची बाजू ओळखायची, तिकडे वळायचे आणि जवळपास ३० मीटर अंतर जीव खाऊन धावून त्या खांबाला अक्षरशः जाऊन भिडायचे. त्याआधी समोरच्या संघाने चेंडू ताब्यात घेतला तर तो बाद, खांब आधी गाठला तर धाव. बेसवर ताटकळत उभे राहणे नाही. प्रत्येक फटक्याचा निकाल काही सेकंदांत लागतो. तीन बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी येते आणि सामना सहा डावांचा असतो. टोलावलेला चेंडू निदान ४० फुटांची रेषा ओलांडून गेला पाहिजे, एरवी तो फाऊल धरला जातो.

फलंदाजीची गोष्ट मात्र थोडी सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण क्रिकेट खेळलेल्या आपल्या माणसांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. या खेळात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डोळस असतो आणि तो फलंदाजाच्याच संघाचा असतो. फलंदाजाला फसवणे हे त्याचे काम नसून, चेंडू बॅटवर नेऊन पोहोचवणे हे त्याचे काम असते. तो सुमारे २० फुटांवरून चेंडू टाकतो आणि टाकण्याआधी ‘रेडी’ व चेंडू हातातून सुटताना ‘पिच’ अशी हाक देतो. ही हाक नियमानेच बंधनकारक आहे. पाहणाऱ्याला वाटते, की फलंदाज चेंडूची बीप ऐकून बॅट फिरवत असेल. प्रत्यक्षात हे अंतर चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो आणि तेवढ्यात ऐकून, ठरवून, बॅट फिरवायला सवडच उरत नाही. म्हणून फलंदाज हाकेवर बॅट फिरवतो, आणि प्रत्येक वेळी त्याच उंचीवर, त्याच वेगाने, त्याच वळणाने फिरवतो. पिचर त्या फिरणाऱ्या बॅटच्या वाटेवर, नेमक्या क्षणी, चेंडू आणून ठेवतो. गायक आणि तबलजी डोळे मिटूनही एकाच समेवर येतात, तशी ही जोडी जमावी लागते, आणि ती शेकडो चेंडूंच्या सरावानेच जमते. तुमचा मुलगा घरी आरशासमोर नव्हे तर भिंतीला पाठ टेकवून एकच फटका पुन्हा पुन्हा फिरवताना दिसला, तर त्याचे कारण हे आहे.

क्षेत्ररक्षणाच्या वेळी सहा खेळाडू मैदानात असतात. चेंडू बीप बीप करत येतो, मैदान क्रमांक दिलेल्या भागांत विभागलेले असते आणि स्पॉटर नावाचा डोळस सहायक चेंडू ज्या भागाकडे चालला असेल त्याचा क्रमांक एकदाच पुकारतो. त्यापुढे तो एक अक्षरही बोलू शकत नाही. मग क्षेत्ररक्षक आवाजाच्या वाटेत आडवा पडतो, अंगाची भिंत करतो, चेंडू अडला की हातांनी चाचपून उचलतो आणि जमिनीपासून व अंगापासून दूर धरून ‘अप’ असे ओरडतो. सोललेली कोपरे इथून येतात. खरचटणे, मुका मार लागणे, बोट दुखावणे हे या खेळात होतच असते आणि अंध मुलांच्या पालकांना ते अधिक खुपते, हे मी जाणतो. पण सोळा-सतरा वर्षांचा डोळस मुलगा कबड्डीच्या मैदानावरून अशीच कोपरे घेऊन घरी येतो तेव्हा आपण हळद लावतो आणि जेवायला वाढतो.

पट्टीबद्दल : डोळ्यांवर काही तास पट्टी बांधल्याने रेटिनायटिस पिग्मेंटोसा वाढत नाही. मात्र डोक्याला किंवा डोळ्याला मार बसण्याची शक्यता असलेला कोणताही खेळ सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, विशेषतः चष्म्याचा उणे नंबर फार मोठा असेल, पडदा पूर्वी सुटला असेल, काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा डोळ्यात काही रोपण केलेले असेल, तर त्यांनी स्पष्ट होकार दिल्याखेरीज मैदानात उतरू नये. संघाच्या प्रशिक्षकांना तुम्ही निःसंकोच विचारा, की मैदानात खड्डे, फवारणीची तोंडे किंवा दगड नाहीत याची पाहणी कोण करतो, दोन क्षेत्ररक्षक एकाच चेंडूवर येऊ लागले तर खेळ थांबवण्याची त्यांची पद्धत कोणती आणि नव्या खेळाडूला जमिनीवर पडायचे कसे ते शिकवतात की नाही. चांगल्या संघाकडे या तिन्हींची तयार उत्तरे असतात.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. अंध क्रिकेटमध्ये पूर्ण अंध आणि अंशतः दिसणारे खेळाडू वेगवेगळ्या गटांत धरले जातात, हे आपल्या उत्तरातून समजले. मग बीप बेसबॉलमध्ये सर्वांना सरसकट पट्टी का? ज्याला थोडे दिसते त्याच्यावर हा अन्याय नाही का?
— एक क्रीडाशिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न खेळाडूंमध्येही वादाचा आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे.

अंध क्रिकेटने एक मार्ग निवडला. त्याचा उगम १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाला; दोन अंध कारखाना-कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरून त्याचा चेंडू केला. आज प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूत धातूचे छर्रे असतात, गोलंदाज खालून हात फिरवून चेंडू सरपटत टाकतो आणि अकरा जणांच्या संघात बी-१ म्हणजे पूर्ण अंध, बी-२ आणि बी-३ म्हणजे कमी-अधिक प्रमाणात दिसणारे, अशा तिन्ही गटांचे खेळाडू ठरलेल्या संख्येने घ्यावेच लागतात. पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. या मार्गाने भारताने मोठे यश मिळवले आहे. पहिला विश्वचषक १९९८ मध्ये दिल्लीत झाला तेव्हा दक्षिण आफ्रिका जिंकली होती; पण २०१२ मध्ये बेंगळुरूत पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने पाकिस्तानला हरवून घेतला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषकही, कोलंबो येथे झालेला अंतिम सामना जिंकून, आपल्या मुलींनी मिळवला.

बीप बेसबॉलने दुसरा मार्ग घेतला. पिचर, कॅचर (फलंदाजाच्या मागे राहून चेंडू झेलणारा) आणि स्पॉटर सोडून मैदानातील प्रत्येक जण पट्टी बांधतो; ज्याला काहीच दिसत नाही तोही बांधतो. त्यामुळे कोणाला किती दिसते हे मोजण्याची, त्यावरून तक्रारी करण्याची, आणि तपासणीच्या दिवशी मुद्दाम कमी दिसल्याचे भासवण्याची गरजच उरत नाही. कानाने दिशा ओळखणे, वेग आणि धाडस एवढेच हिशेबात धरले जाते. अंध क्रिकेटमध्ये अंशतः दिसणारा खेळाडू अनेकदा संघाचा कणा होऊन बसतो आणि पूर्ण अंध खेळाडू संख्यापूर्तीपुरता राहतो, ही तक्रार आपण शाळांच्या सामन्यांत पाहिली असेल; मी तर वारंवार पाहिली आहे. पट्टीच्या मार्गाने हा प्रश्न मुळातून सुटतो.

पण तुमचा आक्षेप खोटा नाही. ज्याला थोडे दिसते त्याने आयुष्यभर त्या थोड्याचा उपयोग करायला शिकलेले असते, आणि खेळाच्या वेळी तेच बाजूला ठेवायला सांगितले की त्याला पहिले काही महिने हातपाय बांधल्यासारखे वाटते. जन्मापासून न दिसणारा खेळाडू त्याच काळात आवाजाच्या जगात सराईतपणे वावरत असतो. माझे मत विचाराल तर, ज्या मुलाची नजर पुढे कमी होत जाणार आहे त्याच्यासाठी हा पट्टीखालचा सराव मोलाचा आहे, कारण पुढे ज्या परिस्थितीत जगायचे आहे तिच्यात धावण्याचा अनुभव त्याला आधीच, मित्रांच्या संगतीत आणि हसतखेळत मिळतो. ज्याची नजर स्थिर आहे आणि क्रिकेटला पुरेशी आहे, त्याने क्रिकेट निवडले तर त्यात कमीपणा नाही.

इटलीत बोलोन्या येथे १९९० च्या दशकात अंधांच्या बेसबॉलचा आणखी एक प्रकार सुरू झाला. तिथे चेंडूत घुंगरू असतात, फलंदाज स्वतःच चेंडू उडवून टोलावतो आणि बेसची पूर्ण फेरी धावतो. तोही युरोपातील काही देशांत खेळला जातो. शाळेत कमी साधनांत काही सुरू करायचे असेल, तर विजेवर वाजणाऱ्या चेंडूपेक्षा हा घुंगरांचा प्रकार तुम्हाला जवळचा वाटेल.

प्रश्न : मी नागपूरचा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला कर्मचारी आहे. या खेळाचा चेंडू एका टेलिफोन अभियंत्याने बनवला, असे ऐकले. ते खरे आहे का? चेंडूच्या आत काय असते?
— एक निवृत्त तंत्रज्ञ, नागपूर

उत्तर : ते खरे आहे आणि तुम्हाला अभिमान वाटावा असे आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे माउंटन बेल टेलिफोन कंपनीतील अभियंते चार्ली फेअरबँक्स यांनी सॉफ्टबॉलच्या आत लहानसे आवाज देणारे यंत्र बसवून पहिला बीप बीप वाजणारा चेंडू तयार केला. पुढे टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या ‘टेलिफोन पायोनियर्स ऑफ अमेरिका’ या स्वयंसेवी संघटनेने हे काम उचलून धरले आणि आवाज देणारे बेसही तयार केले.

आजचा चेंडू १६ इंच परिघाचा, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर घेराचा, नेहमीच्या सॉफ्टबॉलहून बराच मोठा असतो. आत बॅटरी, छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल आणि आवाजाचा स्पीकर असतो. बाहेर एक खुंटी असते. खुंटी ओढली की चेंडू वाजू लागतो आणि परत घातली की गप्प होतो. खरी कसोटी आवाज काढण्यात नाही, कारण तो तुम्ही आम्ही घरच्या टेबलावरही काढू शकू. पूर्ण ताकदीने फिरवलेल्या बॅटचा तडाखा त्या आतल्या सांध्यांनी पुन्हा पुन्हा सहन करावा लागतो, आणि तरीही चेंडू दगडासारखा कठीण होऊन चालत नाही, कारण तो अंगाने अडवायचा असतो. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. म्हणूनच हे चेंडू महाग पडतात, सामन्यातही मध्येच बंद पडतात आणि संघ नेहमी जादा चेंडू जवळ ठेवतात.

छर्ऱ्यांच्या चेंडूशी तुलना केली तर फरक लगेच ध्यानात येतो. छर्ऱ्यांचा चेंडू घरंगळतो तोवर बोलतो आणि थांबला की मुका होतो. गवतात दोन हातांवर पडलेला चेंडू खेळाडूला सापडत नाही. बीपचा चेंडू हवेतही वाजतो आणि थांबल्यावरही वाजत राहतो. शिवाय तो सलग सूर न काढता तुटक बीप बीप करतो, याचाही उपयोग होतो. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपला मेंदू दोन्ही कानांपर्यंत तो पोहोचण्याच्या वेळेतील आणि जोरातील सूक्ष्म फरकांवरून ठरवतो, आणि आवाजाची सुरुवात हा त्या निर्णयाचा मोठा आधार असतो. प्रत्येक बीप ही नवी सुरुवात असल्यामुळे कानाला पुन्हा पुन्हा खूण मिळत राहते. समोरून की मागून, हा गोंधळ मात्र कानांना स्वभावतःच होतो, म्हणून क्षेत्ररक्षक सारखी मान फिरवत असतात. मैदानावर प्रेक्षकांना चेंडू खेळात असताना पूर्ण शांत बसवतात, आणि विमान डोक्यावरून जाऊ लागले की खेळ थांबवतात, यामागे हेच कारण आहे.

इथे इतिहासातील एक वळण सांगायलाच हवे, कारण मला या खेळात सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते. चेंडू १९६४ मध्ये तयार झाला, पण खेळ रुजायला आणखी दहा-अकरा वर्षे लागली. सुरुवातीचे नियम डोळस हितचिंतकांनी केले होते आणि कोणाला इजा होऊ नये या एकाच काळजीने केले होते. धावण्यावर, जमिनीवर झेपावण्यावर इतकी बंधने होती, की चुरस उरली नाही, आणि अंध तरुणांनी त्या खेळाकडे पाठ फिरवली. १९७५ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे जॉन रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम नव्याने मांडले, धावणे आणि झेपावणे खेळात परत आणले, आणि १९७६ मध्ये शिकागो येथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. म्हणजे चेंडू अभियंत्याने दिला, पण खेळाडूंना स्वतःला झोकून देण्याची मुभा मिळाली तेव्हाच त्याचा खेळ झाला. तुमच्या खात्यातील जुनी मंडळी असे काही बनवायला बसणार असतील, तर पहिल्या दिवसापासून दोन-चार अंध खेळाडू त्या टेबलाशी बसलेले असू द्या.

प्रश्न : मी रत्नागिरीची, बारावीत शिकते, मला अजिबात दिसत नाही. बीप बेसबॉलमध्ये मुलींचा वेगळा संघ असतो का? हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : वेगळा संघ नसतो, स्त्री-पुरुष एकाच संघात, एकाच नियमांनी खेळतात. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ नाही. तिथे दृष्टिहीनांसाठी गोलबॉल (वाजणारा चेंडू हाताने सरपटत समोरच्या गोलात टाकण्याचा खेळ) आहे, तो १९७६ पासून आहे, आणि त्यातही सर्व खेळाडू डोळ्यांवर झाकण लावूनच खेळतात. बीप बेसबॉल मुख्यतः अमेरिकेतच बहरला. बाहेरच्या देशांपैकी तैवानच्या ‘होमरन’ संघाने तिथे जाऊन वर्ल्ड सिरीज एकापेक्षा अधिक वेळा जिंकली आहे. चेंडू मिळणे आणि संघ जमणे या दोन्ही दृष्टींनी तुला आज क्रिकेट आणि गोलबॉल हे जवळचे मार्ग आहेत. महिला अंध क्रिकेटने २०२३ मध्ये बर्मिंगहॅम येथील जागतिक अंध क्रीडा स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, आणि २०२५ च्या विश्वविजयानंतर राज्याराज्यांत मुलींच्या निवड-चाचण्यांकडे अधिक लक्ष दिले जाईल, अशी मला आशा आहे. तुझ्या शाळेतून कोणी नाही म्हणाले, तर त्यांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचायला सांग. त्याच्या कलम ३० मध्ये दिव्यांग व्यक्तींचा क्रीडाप्रकारांत सहभाग घडवून आणण्याची जबाबदारी शासनावर स्पष्टपणे टाकलेली आहे.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या वर्षी शिक्षणासाठी बोस्टनला जाणार आहे. तिथल्या बीप बेसबॉल संघाला मदत करण्याची इच्छा आहे. मी पूर्वी सॉफ्टबॉल खेळलो आहे. डोळस माणसाने तिथे नेमके काय करावे?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमची इच्छा चांगली आहे आणि सॉफ्टबॉलचा अनुभवही उपयोगी पडेल. पिचर, कॅचर, स्पॉटर, बेसचा आवाज चालू करणारा, पंच, गाडी चालवणारा, अशा सर्व जागांसाठी संघांना डोळस माणसे लागतात आणि ती नेहमी कमीच पडतात.

माझा अनुभव सांगतो, कारण तो तुम्हाला चुकीपासून वाचवेल. मी काही वर्षे एका अंधशाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो. रबरी चेंडूभोवती प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली की तो सळसळतो; त्यावर आमचे क्रिकेट चालायचे. मुलगा धावायला लागला, की मी काठावरून सतत बोलत राहायचो : उजवीकडे, अजून थोडा, थांब, सांभाळ, पुढे भिंत आहे. मला वाटायचे, मी त्यांना दिशा देतो आहे. एके दिवशी सातवीतला एक मुलगा मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तुम्ही गप्प बसलात तर मला चेंडू ऐकू येईल.” त्या दिवसानंतर मी बोलणे कमी केले आणि मुले अधिक वेगाने धावू लागली. बीप बेसबॉलचे नियम मी प्रथम वाचले, तेव्हा स्पॉटरला फक्त एक क्रमांक उच्चारायची मुभा आहे, हे वाचून मला तो मुलगा आठवला. डोळस माणसाने किती बोलावे याची मर्यादा तिथे नियमांनीच आखून दिली आहे, आणि ती ओलांडली तर पंच समोरच्या संघाला धाव बहाल करतात.

तुम्ही पिचर व्हायचे म्हणत असाल तर सॉफ्टबॉलमधील बरेच काही विसरावे लागेल. चेंडू वळवणे, वेग बदलणे, फलंदाजाला चकवणे हे सारे इथे निरुपयोगी आहे. तुमचा हात आणि तुमची हाक यांच्यातील अंतर प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे पडले पाहिजे. ‘रेडी’ आणि ‘पिच’ यांच्यामध्ये आज जेवढा वेळ गेला तेवढाच उद्याही गेला पाहिजे, तुम्ही दमलेले असा, घाबरलेले असा किंवा शेवटच्या डावात एका धावेने मागे असा. त्यासाठी हाक देऊन स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि तो लयीत येतो का ते ऐका. प्रत्येक फलंदाजाची बॅट कोणत्या उंचीवरून जाते ते वहीत टिपून ठेवा. कोणाची बॅट कमरेच्या उंचीला सपाट फिरते, कोणाची गुडघ्याखालून वर येते. त्याला बदलायला सांगण्याआधी स्वतःचा चेंडू बदलून पाहा. चेंडू टोलावला गेला की त्याच्या वाटेतून तत्काळ बाजूला व्हा आणि तोंड बंद ठेवा, कारण त्या क्षणापासून मैदानात, स्पॉटरचा क्रमांक सोडला तर, चेंडूचा आणि बेसचा असे दोनच आवाज ऐकू यायला हवेत.

मैदानाबाहेरचेही एक सांगतो. खेळाडूचा दंड धरून त्याला ओढत नेऊ नका. तुमचे कोपर पुढे करा, त्याला हवे असेल तर तो धरेल. सामान उचलू का, असे विचारा आणि नको म्हटले तर उचलू नका. हे खेळाडू तुमच्यासारखेच विद्यार्थी असतात, नोकरदार असतात, कोणी वकील, कोणी संगणकावर काम करणारे. पिचरकडून त्यांची अपेक्षा चांगल्या चेंडूची असते. आणि सरावात कोणाची बॅट हुकली, तर ‘छान प्रयत्न’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. चेंडू बॅटच्या किती वरून गेला ते बोटांच्या मापाने सांगा, बॅट लवकर फिरली की उशिरा ते सांगा, आणि पुढच्या चेंडूसाठी ‘रेडी’ म्हणा.